‘आज काय आसा?’

प्रिय पोरी,

रविवारी दुपारी ओसरीवर बसून तू मोबाइलमधली ती यादी वाचून दाखवलीस आणि मी हसलो. तुला ते लागलं, तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. कोलाडपासून मालवणपर्यंत दोन दिवसांत जेवायची अकरा ठिकाणं, आणि वर प्रश्न, "काका, सगळीकडे तीच थाळी कशी? की माझ्याच जिभेला काही कळत नाही?" एवढ्यात तुझ्या मित्रांनी गाडीचा हॉर्न वाजवला आणि बोलणं अर्ध्यावर तुटलं. ते पुरं करावं म्हणून लिहितोय.

जीभ शाबूत आहे तुझी. सगळीकडे तेच लागलं, कारण सगळीकडे तू तेच मागितलंस. तोवर झालेल्या दहापैकी आठ ठिकाणी सुरमई थाळी, दोन ठिकाणी कोंबडी-वडे. आत शिरल्या शिरल्या तू विचारतेस, "इथे स्पेशल काय?" स्पेशल म्हणजे बोर्डावर तेलरंगाने लिहिलेलं. तेलरंगाने लिहिलेलं पुसता येत नाही, म्हणून ते वर्षभर असावंच लागतं. आणि जे वर्षभर असतं ते समुद्रातून नाही, डीप फ्रीजमधून येतं. आमच्या गावात बाजारातून परतणाऱ्या माणसाला रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "आज काय आसा?" तूही तेच विचार. मालवणीत जमत नसेल तर मराठीत विचार, पण ‘आज’ हा शब्द गाळू नकोस.

उत्तर येईल, "बांगडे आसत." तुझं तोंड पडेल, कारण बांगडा तुझ्या यादीत नाही, थाळीच्या दरात तो सगळ्यात खाली असतो आणि फोटोत काळपट दिसतो. मुकाट्याने बस. सकाळी रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, आलेला बांगडा दुपारी तिरफळ घालून केला की त्या वासासमोर महिनाभर गोठलेली सुरमई काय टिकणार! कधी उत्तर येईल पेडवे, कधी मुडदुश्या, कधी नुसती सुकट. मालवणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लिलाव लागतो. तो बघायला तू गेलीस, व्हिडिओ काढलास, आणि रात्री हॉटेलात जाऊन जे लिलावात नव्हतंच ते मागवलंस. मला सांग, यात जिभेचा काय दोष?

आणि वार. वार कुणी सांगितले नाहीत तुला? इथल्या कितीतरी घरांत सोमवारी मासे शिजत नाहीत, कुठे गुरुवारी, कुठे शनिवारी. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबारं असतं, घावणे असतात, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी, फणसाच्या आठळ्या. तुम्ही शनिवारी-रविवारी येता म्हणून समुद्र आणि देव दोघांनी तुमचं वेळापत्रक पाळावं, अशी तुमची समजूत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, हे सरकारी आहे, गुपित नाही. तरी जुलैत गाड्या थांबतात आणि माणसं विचारतात, "ताजी सुरमई आहे ना?"

मला कसं माहीत? कारण मी "हो" म्हणायचो.

हे तुला त्या दिवशी सांगितलं नाही. कणकवली आणि कुडाळच्या मधे हायवेला लागून माझी खानावळ होती, एकोणीस वर्षं. सुरुवातीला आई चुलीवर करायची आणि जे असेल ते वाढायची. जेवणारेही ट्रकवाले, एस.टी.वाले, तालुक्याच्या कचेरीत कामाला आलेले. उकड्या तांदळाची पेज मागणारी माणसं होती त्यांत. मग मुंबईच्या गाड्या थांबायला लागल्या. मी बोर्ड रंगवला, ‘अस्सल मालवणी’. अस्सल हा शब्द ज्याला लिहावा लागतो त्याच्याकडे काय उरलं आहे ते ओळखावं, पण तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला होता. फ्रीज आणला. वडे रोज तळायला लागलो. अगं, वडे हे रोजचं जेवण नव्हे. तांदूळ, उडीद, धणे, मेथी भाजून जाडसर दळायचं, रात्री पीठ भिजवायचं. सण, पाहुणा, देवकार्य असलं की होणारी गोष्ट ती. रोज दोनशे वडे तळले की ते पुरीसारखे लागतात. लागणारच. तू खाल्लेस ते तसेच होते, आणि करणाऱ्याला शिव्या देऊ नकोस. गिऱ्हाईक तेच मागतं. मीही तेच देत होतो. मुलांचं शिक्षण त्याच फ्रीजवर झालं आणि त्याची मला लाज नाही.

शेवटच्या दोन वर्षांत मात्र डोक्यात किडा शिरला. बोर्ड उतरवला, शाळेतली एक जुनी पाटी आणली आणि रोज खडूने लिहायला लागलो: आज काय आसा. खाली दोन-तीन ओळी, जे असेल ते. लोक गाडीतूनच वाचायचे आणि पुढे जायचे. एक जण उतरून म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." तो गेला. गावात अजून म्हणतात, रस्ता रुंद झाला, अंगण गेलं, म्हणून याने खानावळ बंद केली. खोटं आहे ते. पाटीने बंद पडली. आणि ती पाटी लिहिली ते चुकलं, असं मला एकदाही वाटलेलं नाही. बायकोला वाटतं, तिचं तिच्यापाशी.

आता जत्रेचं. त्या रात्री गाडी कुठल्या तरी गावच्या जत्रेत अडकली, तुम्ही तासभर फिरलात आणि "काही ऑथेंटिक नव्हतं, नुसतं गोबी मंच्युरियन" म्हणून निघून आलात. मला खरा राग आला तो इथे. त्या गावातली पोरं वर्षभर त्या मंच्युरियनची वाट बघतात. कढईभोवती गर्दी कुणाची होती, बघितलंस? आज तिथे ते आसा. तू तुझं नाक मुरडलंस आणि त्याच गल्लीत दहा पावलांवर खाजं होतं, ते तुला दिसलंच नाही. बेसनाच्या बोटभर कांड्या तळून, आलं घातलेल्या गुळात घोळवलेल्या. हातगाडीवर पिवळ्या बल्बखाली ढीग असतो त्याचा, शेजारी लाडू, चणे, कुरमुरे. मालवणी माणूस जत्रेतून खाजं घेतल्याशिवाय घरी येत नाही आणि आणलेलं एकट्याने खात नाही. दुसऱ्या दिवशी चार घरांत पुडे जातात. जत्रेतच उभ्याने एक कांडी चावून ‘जास्तच गोड आहे’ म्हणालीस तर तुझं बरोबरच आहे. ते पहाटे खायचं असतं. रात्रभर दशावतार बघून, थंडीत चादर गुंडाळून, राक्षस मारला गेल्यावर. तेव्हा त्यातलं आलं घशाला कळतं.

तू विचारलं होतंस, जत्रांचं कॅलेंडर मिळेल का, म्हणजे सुट्ट्या टाकता येतील. काही जत्रांचं मिळेल. सोनुर्लीची माऊलीची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, कुणकेश्वरची महाशिवरात्रीला. कुणकेश्वरहून येताना कलिंगड आण. पण आंगणेवाडीच्या भराडीची तारीख पंचांगात नसते. पारध होते, देवीचा कौल घेतात, मग तारीख ठरते, आणि मुंबईतला चाकरमानी ती कळल्यावर साहेबाकडे रजा मागायला जातो. तिथला नैवेद्य आंगण्यांच्या घरांतल्या बायका मौन धरून रांधतात. मौन धरून! आणि तू घास तोंडात असताना कॅमेऱ्याशी बोलतेस.

जास्त बोललो. पण तू लिहायचं म्हणतेस, खाण्यावर, मन लावून, म्हणून बोलतोय. नुसती फिरायला आली असतीस तर सोलकढी पाजून सोडली असती.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती सांगितल्याशिवाय पत्र बंद करवत नाही. चावदिसाची सकाळ होती, म्हणजे नरकचतुर्दशी. आमच्याकडे त्या दिवशी पहाटे तुळशीपाशी कारीट, ते कडू रानफळ, अंगठ्याखाली फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मग फोव खातात, म्हणजे पोहे. नव्या भाताचे. गूळ-खोबऱ्याचे, दुधातले, ताकातले, तिखट फोडणीचे, सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. शेजारीपाजारी एकमेकांना हाका मारतात, फोव खावक येवा. दहा घरांत दहा वेळा थोडे थोडे खायचे. हॉटेलात हे कुठेच मिळत नाही, कारण हे विकायचं नसतंच.

तर त्या सकाळी खानावळीसमोर एक गाडी थांबली. म्हातारा-म्हातारी, मुलगा-सून, दोन नातवंडं. रात्रभर गाडी चालवून आलेले. सुनेने विचारलं, "आज काय आहे?"

तिने ‘आज’ म्हटलं होतं, बघ. एकोणीस वर्षांत मोजक्या लोकांनी विचारलं असेल तसं.

मागच्या पडवीत केळीच्या पानांवर पाच प्रकारचे फोव वाढलेले होते. मी म्हटलं, इडली आहे, ब्रेड-ऑम्लेट आहे. मला वाटलं, पैसे देणाऱ्या माणसाला पोहे काय द्यायचे. आणि घरचे द्यायचे तर पैसे कसे घ्यायचे? त्या हिशेबात अडकलो. आतून आई बाहेर आली नाही, पण तिचं ऐकू आलं, "दारात इलेल्याक फोव दिल्याशिवाय धाडतलंस?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी आदल्या दिवशीच्या पिठाची इडली खाल्ली, एकशे ऐंशी रुपये दिले आणि गेले. म्हातारीने निघताना अंगणातली तुळस आणि फुटलेलं कारीट बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. त्यांच्या गावीही कारीट फोडत असतील कदाचित.

पुढच्या चावदिसाला आई नव्हती. पाटी मी त्यानंतर लिहायला लागलो. म्हणजे तत्त्व वगैरे काही नव्हतं तेव्हा; आता आहे.

ती यादी पुसू नकोस, ठेव. नुसत्या नावांपुढे वार आणि तिथी लिही. अकरा ठिकाणी जाण्याऐवजी एकाच ठिकाणी दोन दिवस सलग जा. दुसऱ्या दिवशी वाढणारी बाई तुला ओळखेल आणि बोर्डावर नसलेलं काहीतरी ताटात टाकेल, न विचारता. चटणी असेल, आदल्या रात्रीचं माशाचं तिखलं असेल. त्यावर लिही. आणि कुणी ओसरीवरून "जेवान जावा" म्हटलं तर घड्याळ बघू नकोस. रविवारी मी म्हटलं होतं. तुम्हाला अकरावं ठिकाण गाठायचं होतं.

मित्रांना घेऊन परत यायचं म्हणतेस, तर ये. खारेपाटण सोडलं की फोन कर, म्हणजे भात टाकता येईल. तुम्ही शनिवारी पोचणार असं दिसतंय. आमच्या घरात शनिवारी मासे नसतात, हे आत्ताच सांगून ठेवतो, नंतर तोंडं पाडू नका. काय असेल ते आज सांगता येणार नाही.

तुझा,
काका