नोकरी आणि घर सांभाळून बेसबॉलचा नाद जपता येतो का?

तुम्ही पुण्यात दिवसभर नोकरी करता, घरी लहान मूल आहे, आणि मोसमात १६२ सामने खेळणाऱ्या संघाच्या मागे राहायचं कसं, असं विचारलंय. मी अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ राहते, तिथल्या मरिनर्स या बेसबॉल संघाची चाहती आहे. नोकरी आणि शाळेत जाणारी मुलं मलाही आहेत. माझ्या मते १६२ हा आकडा तुमच्याच सोयीचा आहे.

मार्चअखेरपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळपास रोज सामना असतो. मंगळवारचा हुकला तर बुधवारी आहेच. २००१ साली मरिनर्सनी ११६ सामने जिंकले, अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या व्यावसायिक बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक) एका मोसमात इतके कुणीच जिंकलेले नाहीत. त्या वर्षीसुद्धा ते ४६ वेळा हरले! त्यामुळे एका संध्याकाळचं फार मनाला लावून घ्यायचं नाही.

टीव्हीपुढे मी क्वचितच बसते. मला रेडिओ आवडतो. इथले सामने बहुतेकदा संध्याकाळी ६:४०ला सुरू होतात, तेव्हा माझ्या पोळ्या चालू असतात. बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यांवर) कोण आहे, पिचर (चेंडू टाकणारा) थकलाय का, हे सगळं कानावर पडत राहतं आणि हात मोकळे राहतात. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावल्यामुळे, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचं बंधन आल्यामुळे, तीन तासांच्या वर जाणारे सामने सरासरी २ तास ४० मिनिटांवर आले. माझ्यासारख्या नोकरदार माणसांवर हे उपकारच झाले.

आमचे ६:४० म्हणजे तुमचे दुसऱ्या दिवशी सकाळचे ७:१०. पूर्व किनाऱ्यावरचे सामने तुमच्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतात, त्यांच्या नादी लागू नका. मरिनर्स, डॉजर्स, जायंट्स, पाद्रेज यांपैकी एक संघ धरा. चहापासून ऑफिसात पोहोचेपर्यंत बराचसा सामना ऐकून होतो.

पण खरा छंद म्हणाल तर स्कोअरची वही. प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर १, कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) २, पहिल्या बेसवरचा खेळाडू ३, दुसऱ्या बेसवरचा ४, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर गेला आणि दोघं बाद झाले, की लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद; तिसऱ्या स्ट्राइकला तो बॅट न फिरवताच बाद झाला तर इंग्रजी के उलटा काढायचा. ही पद्धत बसवण्यात हेन्री चॅडविक यांचा मोठा वाटा. ते जन्माने इंग्रज आणि आधी क्रिकेटचे वार्ताहर. शाळेच्या मॅचमध्ये स्कोअर लिहिला असेल तर तुम्हाला हे पटकन जमेल.

रोज लिहिणं होत नाही, मी रविवारचा सामना लिहिते. एक पान मात्र शुक्रवारचं आहे, ३० सप्टेंबर २०२२चं. ओकलंडविरुद्ध १-१ बरोबरी, नववी इनिंग, दोन बाद, आणि मरिनर्सकडून बदली आलेल्या कॅल रॅलीचा होम रन (कुंपणापलीकडे गेलेला फटका). २००१ नंतर पहिल्यांदा संघ प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांत) गेला. हायलाइट्समध्ये तो एक फटका दिसतो. त्याआधी आमचा पिचर लोगन गिल्बर्टने आठ इनिंग्ज टाकून एकच रन दिला होता, ते माझ्या पानावर ओळीने दिसतं. म्हणून वेळ कमी असला तरी हायलाइट्सवर भागवू नका, तीनच इनिंग्ज ऐका पण सलग ऐका.

वही साधी चौकटीची चालते. सुरुवातीला आपल्या एकट्या संघाची बॅटिंग लिहा, समोरच्या संघाची हात बसल्यावर.