नजर अचानक गेली, मग डोळ्यांचे डॉक्टर ‘तोंड कोरडं पडतं का?’ असं का विचारतात?

तुमच्या मिसेसच्या एका डोळ्याची नजर दोन दिवसांत गेली आणि डॉक्टर तोंडाची, सांध्यांची चौकशी करत बसले, म्हणून तुम्ही वैतागलात. पण त्यांनी नेमकं तेच विचारायला हवं होतं. मला ते पहिल्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं.

तेव्हा मला भाकरीचा घास पाण्याशिवाय गिळवत नव्हता. डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं खुपायचं, सकाळी बोटं आखडलेली असायची. ही दुखणी मी कित्येक वर्षं अंगावर काढली. एक दिवस डावा डोळा फिरवला की आत ठणकायला लागलं. दुसऱ्या दिवशी उजवा डोळा झाकून कालनिर्णय पाहिलं, तर रविवारच्या लाल तारखा मळकट विटकरी दिसल्या. तिसऱ्या दिवशी नुसतं धुकं. कोरडेपणाचे थेंब मिळाले होते, तेच घालत मी आणखी दोन दिवस घालवले. त्याची हळहळ अजून वाटते.

दुसऱ्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटं डोळे मिटायला सांगितले. पट्टी जेमतेम 3 मिलिमीटर भिजली. पुढे रक्ततपासण्या झाल्या आणि निदान झालं शोग्रेन सिंड्रोमचं. (ज्यांचं नाव या आजाराला आहे ते शोग्रेन स्वीडनमधले डोळ्यांचेच डॉक्टर, त्यांचा प्रबंध 1933 सालचा.) यात आपलीच प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते, आणि काही जणांत डोळ्याच्या नसेवरही. ल्युपसमध्येही (हाही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) ही नस सुजू शकते किंवा डोळ्याच्या पडद्याची रक्तवाहिनी बंद पडू शकते.

मेंदू, डोळे आणि मणक्याच्या एमआरआयबरोबर ॲक्वापोरिन-4 अँटिबॉडीची (डोळ्याच्या नसेवर आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवर हल्ला करणारं रक्तातलं प्रथिन) तपासणी करायची का, हे आजच विचारा. माझी पॉझिटिव्ह आली. हे कळणं फार गरजेचं, कारण ती पॉझिटिव्ह असली की जो आजार असतो (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका), तो वरवर मल्टिपल स्क्लेरॉसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या दुसऱ्या आजारासारखा दिसतो आणि मल्टिपल स्क्लेरॉसिसवरची काही औषधं यात उलट त्रास वाढवतात. मला सलाइनमधून रोज 1 ग्रॅम स्टेरॉइड 5 दिवस दिलं. शुगर वाढते, ती तपासत राहतात. तेवढ्याने भागलं नाही तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलतात. पुन्हा झटका येऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध मी अजून घेते.

स्टेरॉइडच्या नावाला घाबरून थांबू नका, आणि नंतर गोळ्या मनाने बंदही करू नका. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांचे आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांचे डॉक्टर) आणि न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू आणि नसांचे डॉक्टर) दोघांनाही दाखवा, पण उपचार त्यांच्या तारखेसाठी अडवू नका. माझ्या डाव्या डोळ्याला लाल रंग अजून फिकाच दिसतो, पण पेपर वाचता येतो.