खारुताईच्या आधी अंजीर गाठायचं कसं?

कुंडीतली बाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई, मी कोथरूडला राहते. गच्चीत रंगाच्या २० लिटरच्या बादलीत अंजीर लावलंय, तीन वर्षांपूर्वी सासवडकडून येताना एका नर्सरीतून आणलं होतं, पुणेरी अंजीर म्हणून दिलं. यंदा पहिल्यांदाच चांगली २२ फळं धरली. कितीतरी आठवडे नुसती हिरवीच, रोज सकाळी जाऊन बघायचे, आणि मग एक दिवस एक लालसर दिसलं, म्हटलं उद्या काढू, तर दुसऱ्या दिवशी नुसतं देठ! असं करत करत ९ गेली. खार आहे हे नक्की, स्वतः बघितलंय, पण सकाळी खाली चोथा पण पडलेला असतो, तो कोणाचा? मिस्टरांनी जुन्या सीडी टांगल्या, चार दिवस बरे गेले, मग खार सीडीच्या शेजारी बसूनच खायला लागली. कच्चीच काढून तांदळाच्या डब्यात पिकवली तर?

उत्तर : तांदळाच्या डब्याचं आधी सांगते, नाहीतर तुम्ही वाचता वाचता उठून काढून आणाल. अंजीर आंबा-चिकूसारखं अढीत पिकत नाही. हिरवं काढलं तर फारतर मऊ पडेल, पण गोडी येणार नाही आणि चीक मात्र हातभर लागेल. म्हणजे शेवटचे काही दिवस त्याला झाडावरच राहू द्यायचं, आणि नेमके तेच दिवस खारीलाही कळतात.

तुम्ही म्हणता तसं अंजीर बरेच आठवडे एकाच आकाराचं टणक बसून राहतं, मग शेवटच्या आठवड्यात एकदम फुगतं आणि रंग धरतं. त्यामुळे सगळं झाड महिनोन्‌महिने झाकून ठेवायची गरजच नाही. जे फळ फुगायला लागलं तेवढंच झाकायचं. मी आधी हळदीकुंकवाला वाण भरून देतो ना त्या ऑर्गन्झाच्या पोटल्या बांधल्या होत्या, बुलबुल आणि साळुंकीला त्या पुरतात, पण खारीने दुसऱ्याच दिवशी पोटलीसकट कुरतडलं, वर पोटली खाली टाकून गेली. खारीला धातूच लागतो. खिडकीला लावतात ती स्टीलची मच्छरजाळी हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते, तिचा वीतभर तुकडा कापून नळी वळायची, फळावर सरकवायची, खालचं तोंड दुमडायचं आणि वरचं फांदीशी बारीक तारेने बांधायचं. प्लास्टिकची जाळी घेऊ नका, ती खार आरामात कुरतडते. आत फळाला फुगायला जागा ठेवा, जाळी फळाला टेकू देऊ नका. आणि कापलेल्या कडा दुमडून घ्या नाहीतर पहिला ओरखडा तुम्हालाच.

आता चोथा. तो वटवाघळाचा असणार. फळ चावून रस गिळतं आणि चोथा थुंकून टाकतं, रात्रीतून कारभार. नुसतं भोक पाडलेलं असेल तर पक्षी, अख्खं गायब असेल तर खार, आणि गच्चीत बारीक काळ्या लेंड्या दिसल्या तर उंदीर. वटवाघळाने किंवा कोणीही उष्टावलेलं फळ "बाकीचं चांगलं आहे की" म्हणून कापून खाऊ नका, सरळ टाकून द्या.

अख्ख्या झाडावर जाळं टाकायचा मोह होईल, पण सैल, मोठ्या भोकांच्या नायलॉनच्या जाळ्यात पक्षी आणि वटवाघळं पाय-पंख अडकून तडफडतात, सकाळी ते सोडवत बसणं फार वाईट असतं, मी एकदा केलंय. टाकायचंच तर बोट आत जाणार नाही इतक्या बारीक विणीचं घ्या आणि सांगाड्यावर ताणून बसवा. तिखट फवारायचा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, पण पक्ष्यांना तिखट लागतच नाही, पोपट मिरच्या खातातच की, आणि खारीला लागलं तरी शेवटी ते अंजीर तुम्हालाच खायचंय. त्यापेक्षा कुंडीपासून लांब पाण्याचं एक पसरट भांडं ठेवा, मार्च-एप्रिलमध्ये निम्मे पक्षी तहानेपोटीच फळाला चोच मारतात असा माझा अंदाज आहे.

आणि वेळेवर तोडा! फळ मान टाकून खाली लोंबायला लागलं, दाबलं की मऊ, हिरव्यावर जांभळट-लाल छटा आली, की संध्याकाळीच काढा, "उद्या" नको. देठाचा पांढरा चीक हाताला लागू देऊ नका, खाज सुटते आणि त्या हातांनी उन्हात फिरलात तर पुरळही येतो.

बादलीचं एक राहिलं. २० लिटर म्हणजे आता अगदी काठोकाठ, मुळं भोकातून बाहेर आली असतील, पुढच्या छाटणीच्या वेळी अर्धा ड्रम बघा.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. आमच्याकडे खार वगैरे परवडली, वानरांची टोळी येते आणि फळंच काय फांद्याही मोडून जाते. काय करू?

उत्तर : काका, वानरापुढे पोटली नाही नि जाळीची नळीही नाही, ती हाताने सोडून बघतात. तुमची कुंडी आहे हेच तुमचं भाग्य, जमिनीतलं झाड हलवता येत नाही. चाकाच्या पाटावर कुंडी ठेवा आणि फळं फुगायला लागली की ग्रिल असलेल्या पडवीत ओढून घ्या, जिथे निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशा बाजूला. तुमच्याकडच्या पावसात पानांवर तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग, फार येतो, म्हणून पावसाळ्यात धरतात त्या खट्टा बहाराच्या (बहार म्हणजे फळांचा हंगाम) मागे लागू नका, ऑक्टोबरच्या सुमारास छाटून उन्हाळ्याचा मीठा बहार धरा. सासवडकडच्या पुरंदर तालुक्यातले अंजीरवालेही गोडीसाठी मीठ्याचंच कौतुक करतात.

प्रश्न : अंजिराच्या आत मेलेली गांधीलमाशी असते असं रील बघितलं. उपासाला चालेल का?

उत्तर : काही जातींना आत शिरणारी बारीक माशी लागते, ते खरंय. पण आपलं पुणेरी अंजीर परागीभवनाशिवायच धरतं, माशीचा काही संबंध नाही. मुंग्या मात्र आत जातात, तेव्हा खायच्या आधी उघडून बघा.