'वाइंडिंग डाउन' म्हणजे प्रोजेक्ट बंद पडला का?

तुमच्या साहेबांनी मेलमध्ये लिहिलंय, 'वी आर वाइंडिंग डाउन धिस प्रोजेक्ट', आणि तुम्हाला वाटलं उद्यापासून काम बंद. तसं नाही. काम आवरतं घेतलंय. नवीन काही घेणार नाहीत, हातातलं संपवतील, माणसं एकेक करून दुसरीकडे लावतील.

नागपुरात राहता म्हणून कूलरचंच उदाहरण देतो. नवतपाच्या कडक उन्हात कूलरवाल्याला बोलायला फुरसत नसते. पाऊस लागला म्हणून तो त्याच दिवशी शटर पाडतो का? आधी कूलरला लावायच्या ताट्या मागवणं थांबवतो, मग जास्तीचे कारागीर कमी करतो, उरलासुरला माल पडत्या भावात काढतो. हे वाइंड डाउन. कायमचं कुलूप ठोकलं, की वाइंड अप. कंपनी कायदा, २०१३ मध्येही 'वाइंडिंग अप' म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची आणि कंपनी मोडीत काढायची.

शब्द जुळतो चावीच्या घड्याळाशी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आजोबा दर रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायचे. चावी दिली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते, ते वाइंड अप. मग आठवडाभर ती उलगडत जाते, ते वाइंड डाउन. म्हणजे जे 'वाइंड अप' घड्याळ चालू करतं, तेच दुकान बंद करतं! पण आपणही गाशा गुंडाळतोच की. भाषण लांबलं की संयोजक चिठ्ठी सरकवतात, 'वाइंड अप'. चुकून 'वाइंड डाउन' लिहिलं तर वक्ता आणखी अर्धा तास घेईल.

उच्चार सांभाळा. वाऱ्याचा 'विंड' नाही, 'वाइंड'. भूतकाळ 'वाउंड', जखमेचा 'वूंड' वेगळा, स्पेलिंग मात्र तेच. पहिल्या नोकरीत मी भर मीटिंगमध्ये 'विंड डाउन' म्हणालो होतो. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

माणसाबद्दल वापरलं तर अर्थ बदलतो. दिवसभराचा शीण घालवायला संध्याकाळी फुटाळा तलावावर जाऊन बसणं, हेही वाइंड डाउन. तिथे 'आवरतं घेणं' चालणार नाही, 'निवांत होणं' म्हणा.

आता तो मेल पुन्हा उघडा आणि 'बाय' (by, म्हणजे 'पर्यंत') लिहून पुढे एखादा महिना दिलाय का बघा. दिला असेल तर तोवर काम आहे. नसेल तर साहेबांना तारीख विचारून घ्या.