मेक्सिकन शेजारीण, 22 वर्षांचं ग्रीनकार्ड आणि नागरिकत्वाचा अर्ज

तुमचा प्रश्न असा: शेजारच्या मेक्सिकन बाई 58 वर्षांच्या, ग्रीनकार्ड 22 वर्षांपूर्वीचं, इंग्रजी जेमतेम. त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळेल का, आणि मेक्सिकोचं जाईल का?

दुसरं आधी सांगतो, कारण घोडं बहुतेकदा तिथेच अडतं. आपल्याकडे परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढा, आणि त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. मेक्सिकोतही मार्च 1998 पर्यंत अशीच धास्ती होती. सीमेपासून 100 आणि किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या पट्ट्यात परक्याच्या नावावर थेट जमीन होत नाही, त्यामुळे कित्येकांनी वर्षानुवर्षं अर्जच केला नाही. आता जन्माने मेक्सिकन असलेल्याचं राष्ट्रीयत्व काढून घेता येत नाही. अमेरिकेच्या शपथेत जुन्या देशाची निष्ठा सोडल्याचं वाक्य आहे, पण मेक्सिकोच्या लेखी त्याने काही बिघडत नाही. मात्र पुढे मेक्सिकोत जाता-येताना तिथली नागरिक म्हणून आणि अमेरिकेत शिरताना अमेरिकन पासपोर्टवर, असं दोन्ही सांभाळावं लागेल.

इंग्रजीची चिंता नको. अर्जाच्या दिवशी वय 50 आणि ग्रीनकार्डवर 20 वर्षं, किंवा 55 आणि 15, असं असेल तर इंग्रजीची परीक्षा माफ. नागरिकशास्त्राची मात्र द्यावीच लागते, ती स्पॅनिशमधून. दुभाषी आपणच न्यायचा. 20 ऑक्टोबर 2025 पासूनच्या अर्जांना 128 प्रश्नांच्या यादीतले 20 पर्यंत विचारतात, 12 बरोबर आले की सुटका. वय 65 आणि 20 वर्षं असती तर यादीही छोटी मिळाली असती.

आता नाव. मेक्सिकोत दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. लग्नानंतरही बाई तीच ठेवते. समजा हेर्नांदेझ लोपेझ. अमेरिकेत कुणीतरी लोपेझला आडनाव धरतं, हेर्नांदेझ मधल्या नावात जाऊन बसतं, आणि कार्ड, लायसन्स, टॅक्स तिन्हीकडे तीन बायका तयार होतात! एन-400, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जात, आजवर वापरलेली सगळी नावं लिहा. माझ्या मते नवं नाव घेऊच नये, जन्मदाखल्यावरचं ठेवावं. नाहीतर तिकडच्या जमिनीच्या कागदांशी मेळ बसवताना दमछाक होते.

गेल्या पाच वर्षांतले सगळे प्रवास पासपोर्टच्या शिक्क्यांवरून तारखांसह काढा. एकूण 30 महिने अमेरिकेत हवेत. एकच फेरी सहा महिन्यांहून लांबली असेल (आईचं आजारपण हे नेहमीचं कारण), तर घरभाडं, नोकरी, टॅक्स यांचे पुरावे जोडा. वर्ष किंवा जास्त असेल तर आधी वकील.

लायसन्स काढताना कुणी मतदार म्हणून त्यांचं नाव नोंदवलं होतं का, हे जरूर विचारा. हो म्हणाल्या तर अर्ज भरूच नका, आधी वकील गाठा. नागरिक असल्याचा खोटा दावा केल्याचं त्यातून निघालं तर ग्रीनकार्डावरच बेततं. जुनी अटक, खटला मिटलेला असला तरी, लिहायचीच.

‘नोतारियो’ पाटी लावणाऱ्यांपासून लांब ठेवा. मेक्सिकोत नोतारियो म्हणजे मोठा, अनुभवी वकील. अमेरिकेतला नोटरी फक्त सहीचा साक्षीदार. हा गैरसमज हेच त्यांचं भांडवल. वकील परवडत नसेल तर न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी शोधा. अर्ज तुम्ही भरून दिलात, तर तयार करणारा म्हणून तुमचीही सही लागते, फुकट केलं तरी.

शपथविधीला ग्रीनकार्ड परत घेतात. प्रमाणपत्र हातात पडलं की दालनातच स्पेलिंग आणि जन्मतारीख तपासा. घरी गेल्यावर चूक दिसली तर एन-565 (प्रमाणपत्र बदलून घेण्याचा अर्ज) भरून पुन्हा थांबावं लागतं.