बायरला माल द्या, घरच्यांची तोंडं लिहून देऊ नका

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकांचा लांबलचक मेल आलाय, नाव देत नाही. नांदेसरीत त्यांचं छोटं युनिट आहे, एरंडेलापासून एचसीओ आणि बारा-एचएसए बनवतात, म्हणजे ग्रीसवाल्यांना आणि कॉस्मेटिकवाल्यांना लागणारा माल, आणि जवळजवळ निम्मा माल शांघायच्या एकाच बायरकडे जातो. कंपनीची वेबसाइट आणि कॅटलॉग मुलगी बघते, ती डायरेक्टरही आहे आणि दहा टक्के शेअर तिच्या नावावर आहेत. हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार लागतो ना, तिथला एक फोटो तिनं स्वतःच्या इन्स्टावर टाकला आणि खाली तिबेटच्या लोकांच्या बाजूनं चार ओळी लिहिल्या. इन्स्टा चीनमध्ये बंद आहे, तरी कुणीतरी स्क्रीनशॉट काढून बायरला पाठवला, कारण तिच्या बायोमध्ये कंपनीचं नाव होतं.

आता बायरनं चार गोष्टी मागितल्यात. वेबसाइटच्या देशांच्या यादीत तैवान आहे ते ‘तैवान, चीन’ करा. चायनीज कॅटलॉगमध्ये आम्ही पाठवलेला नकाशा छापा. मुलीला कामावरून काढा आणि तिच्याकडून माफीनामा घ्या. आणि कंपनी, डायरेक्टर, कर्मचारी आणि त्यांचे घरचे यापुढे चीनच्या विरोधात कुठंही काही बोलणार नाहीत, बोलले तर पन्नास हजार डॉलर दंड, असं हमीपत्र सही करून द्या. काका विचारतात, सही करू का, पस्तीस माणसांचे पगार आहेत, आणि पोरगी म्हणते पप्पा तुम्ही सही केली तर मी या कंपनीत पाय ठेवणार नाही.

काका, हमीपत्रावर सही करू नका. बाकीच्या तीन गोष्टींचं उत्तर वेगवेगळं आहे, ते सांगते, पण आधी तुमचा अडकलेला पैसा बघू कारण तो सगळ्यात घाईचा आहे.

तुम्ही जोडलेल्या कागदांत एलसीच्या, म्हणजे बायरच्या बँकेनं तुमचे पैसे द्यायची जी लेखी हमी दिलीय तिच्या, अमेंडमेंटचा ड्राफ्ट आहे, तो परत एकदा नीट वाचा. ४६ए म्हणून जो रकाना असतो, कुठले कुठले कागद बँकेला द्यायचे त्याचा, त्यात इनव्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन यांच्या खाली शेवटी हळूच ते हमीपत्र घातलंय. म्हणजे अमेंडमेंट मान्य झाली की हमीपत्र नसेल तर माल पोचूनही बँक पैसे अडवू शकते, बँक फक्त कागद बघते, माल कसा आहे आणि कोण बरोबर कोण चूक याच्याशी तिला देणंघेणं नसतं. पण एलसी ज्या नियमांवर चालते त्या यूसीपी ६०० च्या कलम १० प्रमाणे तुमच्या संमतीशिवाय एलसी बदलताच येत नाही, आणि ‘अमुक दिवसांत नकार आला नाही तर मान्य समजू’ असं त्यांनी लिहिलं असलं तरी ते धरलं जात नाही. तरी गप्प बसू नका, आजच आपल्या बँकेला लेखी कळवा की अमेंडमेंट नामंजूर. आणि सीएचएला म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला, बँकेत कागद देणाऱ्या तुमच्या माणसाला, सगळ्यांना बजावून सांगा की हमीपत्राचा कागद चुकूनसुद्धा सेटमध्ये लावायचा नाही, कारण बदललेल्या अटीप्रमाणे कागद दिले तर तीच तुमची संमती धरली जाते. जुन्या एलसीप्रमाणे कागद चोख द्या, मग तिकडच्या बँकेला पैसे द्यावेच लागतात, बायर तुमच्या मुलीवर कितीही चिडलेला असू दे. चालू ऑर्डरचंही तेच, अर्ध्या वाटेत नवीन अट घालायची तर दोघांची संमती लागते, एकट्याच्या मेलनं करार बदलत नाही.

आता मुलीचं. काका, तुमच्या मेलमध्ये तुम्ही दोनदा लिहिलंय की तिनं चूक केली. कायद्यानं बघितलं तर तिनं काहीही चूक केलेली नाही आणि हे तुम्ही तिला एकदा तोंडानं सांगा असं मला मनापासून वाटतं. घटनेच्या १९(१)(अ) मध्ये बोलण्याचा हक्क आहे, त्याला १९(२) मध्ये मर्यादा आहेत आणि त्यात ‘परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध’ ही पण एक आहे, १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीत घातलेली, पण ती मर्यादा सरकारनं कायदा करून घालायची असते, शांघायच्या परचेस मॅनेजरनं नाही. आणि स्वेटरच्या बाजारातल्या फोटोखाली तिबेटी माणसांबद्दल चार ओळी लिहू नयेत असा कुठलाही कायदा भारतात नाही. पूर्वी आयटी ऍक्टचं ६६अ होतं, कुणालाही पोस्टवरून उचलायचे, ते सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये श्रेया सिंघलच्या केसमध्ये रद्द केलं.

बायरनं तुमच्याकडून माल घ्यावा अशी सक्ती मात्र तुम्ही कोर्टातून करू शकत नाही, पुढची ऑर्डर द्यायची की नाही ही त्याची मर्जी. २०२३ मध्ये कौशल किशोरच्या केसमध्ये घटनापीठानं बहुमतानं म्हटलं की १९ आणि २१ चे हक्क खाजगी माणसांविरुद्धही मागता येतात, पण त्याच्या भरवशावर चिनी बायरशी भांडायला जाऊ नका, काही हाती लागणार नाही. तुमच्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. १९ चा हक्क नागरिकांना आहे आणि कंपनी ही नागरिक नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९६३ पासून सांगितलंय. म्हणजे बोलण्याचा हक्क तुमच्या प्रायव्हेट लिमिटेडचा नाहीच, तो तुमचा आहे, मुलीचा आहे, बॉयलरवरच्या कामगाराचा आहे, त्याच्या बायकोचा आहे. जे कंपनीच्या मालकीचंच नाही ते कंपनी सही-शिक्का मारून दुसऱ्याला लिहून कसं देणार?

तुम्ही म्हणाल, मग असला कागद कोर्टात टिकणारच नाही ना, करून टाकू सही, पुढचं पुढे. इथंच लोक फसतात. आपल्याकडच्या कॉन्ट्रॅक्ट ऍक्टच्या कलम ७४ खाली दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि नुकसान झालं असावं लागतं, हे सगळं खरं. पण तुमच्या हमीपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय की कायदा चीनचा आणि वाद झाला तर लवाद हाँगकाँगला. चीनच्या कोर्टाचा निकाल घेऊन कुणी वडोदऱ्याच्या कोर्टात आलं तर ते थेट वसुली लावू शकत नाहीत, त्यांना इथं नवीन दावाच करावा लागतो. लवादाचं तसं नाही. परदेशी लवादाचे निवाडे मान्य करायचा न्यूयॉर्क कन्व्हेन्शन नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याखाली भारत सरकारनं २०१२ मध्ये चीनला, हाँगकाँगसकट, नोटिफाय केलंय, त्यामुळे हाँगकाँगचा लवादाचा निवाडा घेऊन बायर आपल्या हायकोर्टात अंमलबजावणीला येऊ शकतो आणि तिथं तुमच्याकडे आपल्या लवाद कायद्याच्या कलम ४८ चे मोजकेच बचाव उरतात. ‘सार्वजनिक धोरणाविरुद्ध’ हा एक आहे आणि मी तो जीव तोडून मांडेन, पण परदेशी निवाड्याच्या बाबतीत कोर्टं तो फार अरुंद धरतात. उद्या तुमच्या एखाद्या सुपरवायझरच्या भावानं गलवानबद्दल काही लिहिलं, जून २०२० मध्ये आपले वीस जवान गेले त्याबद्दल, आणि बायरला त्याच महिन्यात भाव पाडून हवा असेल, तर तो हा कागद काढणार. घरच्यांवर तो करार बांधील नाही कारण त्यांनी सही केलेली नाही, पण दंड तुमच्या माथी.

नकाशाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटली कारण तुम्ही तो ‘छोटी गोष्ट आहे, देऊन टाकतो’ म्हणून लिहिलंय. अजिबात देऊ नका. त्यांनी पाठवलेली फाइल मी झूम करून बघितली, सगळा अरुणाचल आणि अक्साई चिन चीनच्या रंगात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये चीननं जो अधिकृत नकाशा काढला आणि आपल्या सरकारनं दुसऱ्याच दिवशी निषेध केला, त्याच धर्तीचा आहे हा. आपल्याकडे क्रिमिनल लॉ अमेंडमेंट ऍक्ट, १९६१ आहे, त्याच्या कलम २ मध्ये सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सरकारची तक्रार असल्याशिवाय कोर्ट दखल घेत नाही, पण कॅटलॉगचं एक पान व्हॉट्सऍपवर फिरायला लागलं की तक्रार व्हायला किती वेळ लागतो. ‘चायनीज कॅटलॉग आहे, इथं कोण बघतंय’ हे मला सांगू नका, छपाई रावपुऱ्यात होणार आहे. आणि भारताचा बरोबर नकाशा छापून पाठवलात तर तिकडचं कस्टम अडवेल, त्यांनी २०१९ मध्ये चीनमधल्या छिंगदाओला असे हजारो नकाशे नष्ट केलेत. त्यामुळे कॅटलॉगमधून नकाशाच काढा. कुठल्या बंदरातून माल निघतो, हजीरा, मुंद्रा, न्हावा शेवा, ते शब्दांत लिहा. बायरला एका ओळीत कळवा की आमच्या देशाच्या कायद्यानं हे छापणं गुन्हा आहे, या उत्तरावर त्याला वाद घालता येत नाही आणि त्याच्या वरच्या साहेबाला दाखवायलाही त्याला काहीतरी मिळतं.

तैवानच्या बाबतीत मी तेवढी ताठर नाही. वेबसाइटवर काय लिहायचं यावर भारताचा कायदा काही म्हणत नाही. २०१८ मध्ये चीनच्या विमान खात्यानं छत्तीस परदेशी एअरलाइन्सना पत्रं पाठवली तेव्हा आपल्या एअर इंडियानंसुद्धा ‘चायनीज तैपेई’ केलं होतं. मला ते तेव्हाही आवडलं नव्हतं, पण बेकायदेशीर नव्हतं. तुमचा तैवानला एक छोटा कस्टमर आहे, त्याचाही विचार करा. बऱ्याच कंपन्या यादीच्या वर ‘देश’ ऐवजी ‘देश किंवा प्रदेश’ लिहितात आणि खाली तैवान तसंच ठेवतात, तेवढं करा, त्याच्या पुढे जाऊ नका. शिपिंग बिल आणि कस्टमच्या कागदांना मात्र हात लावायचा नाही, तिथं आपल्या कस्टमच्या सिस्टिममध्ये जे नाव आहे तेच.

मुलीला काढायचं म्हणाल तर कायद्यानं तुम्ही काढू शकता, हे लपवत नाही. कंपनीज ऍक्टच्या कलम १६९ खाली साध्या ठरावानं डायरेक्टरला काढता येतं, मीटिंगच्या किमान चौदा दिवस आधी स्पेशल नोटीस लागते आणि तिला आपली बाजू मांडायची संधी द्यावीच लागते. तिचे दहा टक्के तुम्हाला अडवणार नाहीत. पण त्या मीटिंगमध्ये खुर्चीवर तुम्ही बसणार आणि समोर ती उभी राहून फोटोबद्दल खुलासा देणार, हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि मग ठरवा. माफीनामा तर तिच्याकडून कुणीच घेऊ शकत नाही. पोस्ट ठेवायची की काढायची ते तीच ठरवेल. तुम्ही तिला एवढंच म्हणू शकता की पर्सनल अकाउंटच्या बायोमधून कंपनीचं नाव काढ, ही कुठल्याही मालकाची वाजवी विनंती आहे.

आणि एवढं करून बायर शांत होतो असंही नाही. मर्सिडीजनं २०१८ मध्ये इन्स्टावर दलाई लामांचं एक वाक्य टाकलं आणि लगेच माफी मागितली. त्याच वर्षी मॅरियटनं एका सर्व्हेमध्ये तिबेट आणि तैवान देशांच्या यादीत टाकले म्हणून चीननं त्यांची तिथली वेबसाइट आठवडाभर बंद करायला लावली, आणि अमेरिकेत ओमाहाला बसणाऱ्या त्यांच्या एका साध्या कर्मचाऱ्याची नोकरी गेली, कशासाठी, तर कंपनीच्या अकाउंटवरून एक ट्वीट लाइक झालं म्हणून. याउलट २०१९ मध्ये हाँगकाँगवरच्या एका ट्वीटवरून एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या मॅचेस चीनच्या सरकारी चॅनलनं बंद केल्या तेव्हा, सुरुवातीला चाचपडून का होईना, त्यांच्या कमिशनरनं सांगितलं की आमची माणसं काय बोलतात ते आम्ही ठरवणार नाही. शेकडो मिलियन डॉलर गेले त्यांचे. तुमच्याकडे तेवढी गंगाजळी नाही हे मला माहितीय, गूगलसारखं २०१० मध्ये चीनमधलं सर्च बंद करून निघून जा असंही मी सांगत नाहीये, पस्तीस घरं आहेत.

पण तुम्ही समजता तेवढे लाचार नाही आहात काका. जगात विकलं जाणारं बहुतेक एरंडेल भारतातून जातं आणि त्यात गुजरात सगळ्यात पुढे. तुमच्या बायरला हा माल इंडोनेशियातून किंवा त्याच्या गल्लीतून मिळणार नाही, तो तुम्हाला सोडेल तर फार तर मेहसाण्याच्या दुसऱ्या पार्टीकडे जाईल, आणि त्या पार्टीकडेही कुणाची तरी मुलगी फोन वापरत असेलच. म्हणून भीक मागितल्यासारखा मेल लिहू नका. लिहा की कंपनी कुठल्याही राजकीय विषयावर भूमिका घेत नाही, आमच्या माणसांची खाजगी मतं त्यांची स्वतःची आहेत आणि कंपनी त्यावर हमी देऊ शकत नाही, क्वालिटी, डिलिव्हरी, भाव याबद्दल जी हमी हवी ती घ्या. तिबेट, तैवान यातला एकही शब्द त्या मेलमध्ये नको, माफी हा शब्दही नको. फोनवर काहीच बोलू नका, जे असेल ते लेखी.

हा वाद मिटेपर्यंत तुमच्यापैकी कुणीही तिकडे जायचं नाही, ऑक्टोबरचा कँटन फेअर, तिथलं ते मोठं व्यापारी प्रदर्शन, आलं तरी नाही. व्यवहाराचा दावा चालू असेल तर तिथलं कोर्ट कंपनीच्या माणसाला देश सोडायला बंदी घालू शकतं, आणि २०११ च्या शेवटी चीनमधल्या यीवूमध्ये मालकाच्या थकबाकीपायी दोन भारतीय माणसांना तिथल्या व्यापाऱ्यांनी डांबून ठेवलं होतं, त्यांना सोडवायला गेलेला आपला राजनैतिक अधिकारी कोर्टात कोसळला. मुलीनं तर हाँगकाँगही टाळावं, तिथला २०२० चा सुरक्षा कायदा त्याच्या कलम ३८ नुसार बाहेरच्या माणसानं बाहेर केलेल्या गोष्टींनाही लागू होतो.

ईसीजीसीची, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी विमा कंपनीची, पॉलिसी आहे असं लिहिलंय तुम्ही, पण या बायरची लिमिट किती आणि एलसी नसलेली शिपमेंट त्यात येते का ते बघा, नोव्हेंबरचा एक कंटेनर डीएवर, म्हणजे एलसीशिवाय, पैसे नंतर देईन या बायरच्या नुसत्या कबुलीवर, गेलेला दिसतोय आणि मला त्याची जास्त धास्ती आहे. त्याची ड्यू डेट उलटली आणि पैसे आले नाहीत तर मुदतीत कळवावं लागतं, नाहीतर क्लेम अडकतो. बँकेला नकाराचं पत्र गेलं की त्याची पोच, मूळ सेल्स कॉन्ट्रॅक्ट आणि त्या डीएच्या कंटेनरचे कागद घेऊन या, आणि मुलीलाही बरोबर आणा, डायरेक्टर म्हणून मेलवर तिचीही सही लागेल.