मोयालेची सीमा आणि तुर्कानाचा रस्ता

प्रश्न: आम्ही दोघे मित्र जानेवारीत अदिस अबाबाला उतरून मोयालेमार्गे रस्त्याने केनियात जाणार आहोत. पुढे तुर्काना सरोवर पाहायचं आहे. टूर कंपनी नको. तयारी काय करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर: महिना चांगला निवडलात, जानेवारी कोरडा असतो. आधी कागद बघा. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, निघण्याच्या किमान 10 दिवस आधी. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात. त्यावरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच अंकाला अंक जुळवून तपासा. हे कार्ड परतताना भारतातल्या विमानतळावर मागतात आणि नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. केनियाचा ई-टीए (प्रवेशाची ऑनलाइन परवानगी) घरूनच काढा आणि छापील प्रत जवळ ठेवा. तो एकदाच्या प्रवेशाचा असतो. केनियात शिरून पुन्हा इथिओपियात डोकावायचा बेत असेल, तर केनियात परतताना नवा लागेल.

अदिसहून सगळा रस्ता बसने कापू नका. वाटेतल्या ओरोमिया प्रांतातली परिस्थिती अचानक बिघडते. अर्बा मिंचपर्यंत विमान, मग कोन्सो, याबेलो, मोयाले असं जा आणि रोज सकाळी पुढच्या टप्प्याची खबर स्थानिक ड्रायव्हरकडून घ्या. ओमोराते-इलेरेत ही वाट नकाशावर जवळची दिसते, पण तिथे केनियाच्या बाजूला मोयालेसारखी प्रवेशाच्या शिक्क्याची सोय नाही. ती सोडाच.

बसच्या वेळेत हमखास घोळ होतो. इथिओपियात दिवसाची मोजणी सूर्योदयापासून, म्हणजे आपल्या घड्याळाच्या सहा तास मागे. तिकिटावर 12 लिहिलं असेल तर गाडी पहाटे सहाला सुटते. तारीखही त्यांच्या पंचांगाची, सात-आठ वर्षं मागची. तिकीट घेताना ‘सकाळी की रात्री’ हे विचाराच. केनियातल्या स्वाहिली भाषेतही तास असेच मोजतात, त्यामुळे सीमेपलीकडेही हीच काळजी.

मोयालेला सकाळीच पोहोचा. केनियाच्या बाजूच्या इमारतीत दोन्ही देशांचे अधिकारी बसतात. खिडकी सोडण्याआधी पासपोर्ट उघडून इथिओपियाचा बाहेर पडल्याचा आणि केनियाचा प्रवेशाचा, असे दोन्ही शिक्के आणि त्यांवरची तारीख पाहा. उरलेले बिर (इथिओपियाचं चलन) सीमेवरच बदलून टाका, पुढे ते कोणी घेत नाही. मग पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि एम-पेसा (मोबाइलवरून पैसे देण्याची केनियातली सोय) सुरू करा. मार्साबितपुढे कार्डावर विसंबू नका, थोडे केनियाचे शिलिंग रोख हवेतच.

मोयाले ते मार्साबित सुमारे 250 किलोमीटर, रस्ता डांबरी, बस मिळते. खरी कसोटी मार्साबितहून चाल्बी वाळवंटातून तुर्काना सरोवराकाठच्या लोयांगलानीला जाताना. इथे चालकासह फोर-व्हील-ड्राइव्ह जीप ठरवा आणि निघण्याआधी दोन स्टेपन्या स्वतः पाहा, एक पुरत नाही. लाव्हाच्या धारदार दगडांनी टायर बाजूने फाटतो आणि तिथे पंक्चरचं ठिगळ टिकत नाही. डिझेल मार्साबितलाच भरा. पाणी माणशी रोज 5 लिटर, वर दोन दिवसांचं राखीव. पाऊस पडून गेला असेल तर चाल्बीत शिरू नका. वरचा पापुद्रा सुकलेला दिसतो, पण खालच्या चिखलात चाक आसापर्यंत रुततं.

लोयांगलानीला रात्री भणाणतं वारं सुटतं. नुसत्या खुंट्यांवर तंबू राहत नाही, प्रत्येक दोरीवर मोठा दगड ठेवा. सरोवराचं पाणी खारट आणि क्षारयुक्त आहे, ते उकळूनही पिण्याजोगं होत नाही. मगरीही आहेत, तेव्हा स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा. डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते. घरी आल्यावर ती सोडून देणारे बरेच असतात, तसं करू नका.